सिंदेवाहीचा न पळणारा साहेब

नागपूरहून चांद्याकडे जाणारी छोटी गाडी सिंदेवाहीच्या जवळ आली, तेव्हा खिडकीतून मला एक गोरा माणूस दिसला. अर्धी चड्डी, बनियन, डोक्याला ओला रुमाल, आणि कंबर अशी हलत होती की पाहणाऱ्यालाच संकोच वाटावा. तो रुळांशेजारच्या रस्त्याने चालत होता आणि चालता चालता आमच्या गाडीच्या पुढे जात होता. मी तिकीट काढून बसलो होतो, त्यामुळे मला ते आवडलं नाही.

सिंदेवाहीला माझा मेहुणा धानाच्या (म्हणजे आपल्या भाताच्या) गिरणीवर व्यवस्थापक आहे. त्याच्याकडे चार दिवस राहायला मी निघालो होतो. स्टेशनवर भेटताच त्याने खुलासा केला. तो यान, चेकोस्लोव्हाकियातल्या स्लोव्हाक मुलखातला, गिरणीत यंत्रं बसवायला आलेला. तिकडे तो चालण्याच्या शर्यतींतला नावाजलेला गडी होता म्हणे. चालण्याचीही शर्यत असते हे ऐकून मला आमच्या पेठेतल्या पेन्शनरांविषयी नव्याने आदर वाटला.

संध्याकाळी यान जेवायला आला. भात, वरण, जवसाची चटणी. मला चटणीने ठसका लागला, त्याने ती दोनदा मागून घेतली.

"तुमी पुन्याचे न जी? शाळेत कवायत शिकवता?" त्याने विचारलं.

मराठी तो गिरणीतल्या हमालांकडून शिकला होता, म्हणजे त्या भागातली अस्सल झाडी बोली बोलत होता. माझं पुणेरी त्याला कळेना, तेव्हा दोन मराठी बोलणाऱ्यांमध्ये मेहुण्याला दुभाषी व्हावं लागलं.

जेवणानंतर त्याने आपली हकिगत सांगितली. डोंगरातल्या गावातून कारखान्यापर्यंत रोज चालत जायचा, त्यातून शर्यतींत उतरला, बक्षिसं मिळवली. मग पंचांनी त्याला मोठ्या शर्यतींतून ओळीने बाहेर काढलं. या खेळात एक पाय सतत जमिनीला टेकलेला लागतो. दोन्ही उचलले की ते पळणं, आणि पळणाऱ्याला घरी पाठवतात.

"पंच म्हनते, मागून कोनी आला का हा घाबरते अन् पळते," यान म्हणाला. "मले नाई वाटत. पण माहे पाय मले कुठी दिसते? आता घरी परत जाऊन राह्यलो, तिथी मोठ्या शर्यतीसाठी निवड हाये. मास्तर, उद्या तुमी पाहा. मी पळलो तं सांगा. मंग हे सोडून देतो."

मास्तर माणसाला परीक्षक व्हा म्हटलं की नाही म्हणवत नाही.

सकाळी आम्ही सावली गावाच्या रस्त्याला लागलो. तो पायी, मी मेहुण्याच्या सायकलवर. हवेत मोहाच्या फुलांचा जडसर गोड वास भरला होता. वाटेत एक बंडी (बैलगाडी) थांबली.

"बसा जी," गाडीवान यानला म्हणाला. "एवढ्या घाईनं काऊन? घरचं कोनी गेलं का?"

"नाई भाऊ, असाच चालून राह्यलो."

"असाच?" गाडीवानाने मान हलवली. "माहे बैल बी असेच नाई चालत."

पुढे मोहाच्या झाडांखाली एक बाई टोपलीत फुलं वेचत होती. मी यानच्या टाचांवर डोळे लावून होतो. टाचा चोख टेकत होत्या. पण मागून कोणी आलेलं नव्हतं, तेव्हा खरी परीक्षा व्हायचीच होती.

"अस्वल! अस्वल!" बाई ओरडली आणि झाडामागे झाली.

आमच्या मागे, रस्त्याच्या मधोमध, अस्वल उभं होतं. मी सायकल टाकून पळालो. सायकल हे वाहन आहे, हे त्या क्षणी सुचलं नाही. जीव घेऊन पळत होतो, आणि एवढ्यात शेजारी टप टप आवाज आला. यान. चेहरा पांढराफटक. मी डोळे गच्च मिटले, आणि ती टप टप माझ्या पुढे निघून गेली.

अस्वलाने म्हणे सायकलची सीट हुंगली आणि कंटाळून ते रानात शिरलं.

वळणावर यान थांबला होता. "उचलले का पाय?" त्याने विचारलं.

"मी डोळे मिटले होते," मी म्हणालो.

त्याचा चेहरा इतका पडला की मला स्वतःची लाज वाटली. तेवढ्यात ती बाई टोपली कमरेवर घेऊन हसत आली.

"काऊन जी," तिने यानला विचारलं, "तुमच्या देशात पळाले येत नाई का? अस्वल मांगं, अन् हा बाप्पा चालूनच राह्यला! हे भाऊ पाहा कसे पळाले!"

यान मटकन रस्त्यावर बसला. डोळे पुसत म्हणाला, "बाई, अजून एकदा सांगा."

साहेबाला कमी ऐकू येतं असं समजून तिने तेच सगळं ओरडून सांगितलं, माझ्या पळण्यासकट.

माझ्या परतीच्या दिवशी यान स्टेशनवर आला. गाडी हलली तसा तो खिडकीशेजारून चालू लागला.

"काऊन पळून राह्यला जी तो?" समोरच्या प्रवाशाने विचारलं.

"पळत नाहीये, चालतोय," मी म्हणालो.

निवडीत त्याचं काय झालं, ते मला कळलं नाही. त्याची मात्र फार आठवण येते. तिकडच्या पंचांना नियम पाठ असतील, पण माणूस घाबरला की काय करतो, हे पाहायला ते मोहाखाली नव्हते. मी होतो, पण डोळे मिटून.

त्या बाईचं नाव विचारायचं राहून गेलं. विचारलं असतं तर पंच म्हणून तिचंच नाव सुचवलं असतं.