आता तुमचे प्रश्न

मी जात्याच चौकस. ट्रेनमध्ये शेजारचा माणूस मोबाइलवर काय वाचतोय ते पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्यामुळे आमच्या कंपनीत नव्या उमेदवारांच्या मुलाखतींना बसायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी मनातून खूश झाले. आमची कंपनी जर्मनीत इंगोलश्टाटला गाड्यांचे ब्रेक तपासते. मुलाखतीत तांत्रिक प्रश्न मी विचारते, बाकीचे बॉस आणि एचआरची बाई. पण खरी गंमत शेवटच्या दहा मिनिटांत असते. बॉस खुर्चीत मागे रेलतो आणि समोरच्याला म्हणतो, आता तुमचे प्रश्न.

आणि ही पंचविशीतली पोरं खरंच विचारतात! एकाने विचारलं, माझ्या आधी या जागेवर कोण होतं आणि ते का गेलं? बॉसचे कान लाल झाले. एका मुलीला ती जिथे बसणार ते टेबल बघायचं होतं. खिडकीपर्यंत जाऊन, बाहेर काय दिसतं ते बघून आली. एकजण म्हणाला, आठवड्यातून चार दिवस काम केलं तर मला कमी हुशार समजाल का? सुरुवातीला माझं डोकंच फिरायचं. अजून नोकरी मिळाली नाही आणि यांच्या अटी बघा! मग हळूहळू मी त्या दहा मिनिटांची वाट बघायला लागले. घरी जाताना गाडी चालवत स्वतःशी म्हणायचे, पोरगं विचारत होतं ते काही खोटं नव्हतं.

अशातच माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीची मुलगी गार्चिंगहून आमच्याकडे आली. तिचं तिथल्या विद्यापीठातलं मास्टर्स संपलं होतं. नोकरी शोधण्यासाठी मिळालेला राहण्याचा परवाना संपायला अकरा आठवडे उरले होते. तेवढ्यात नोकरी नाही मिळाली तर बॅग भरून सांगलीला परत. रेगेन्सबर्गच्या एका कंपनीने तिला मुलाखतीला बोलावलं होतं आणि तिची तयारी करून घ्यायची जबाबदारी तिच्या आईने फोनवरून माझ्या गळ्यात घातली होती.

मी थालीपिठं लावली आणि शिकवणी सुरू केली.

"हे बघ, सुट्ट्यांचं नाव काढायचं नाही. शनिवारी यायला तयार आहे म्हणून सांग. आणि शेवटी विचारतील, तुमचे काही प्रश्न? तर हसून म्हणायचं, नाही, सगळं स्पष्ट आहे."

"पण मावशी, तूच मगाशी सांगत होतीस ना, तुमच्याकडे मुलं काय काय विचारतात ते?"

"ती इथली गं. त्यांना कोणी विमानात बसवून परत पाठवत नाही."

तिने मान डोलावली. माझी हुशारी मलाच इतकी पटली होती, की मी तिला आणखी एक थालीपीठ वाढलं.

रेगेन्सबर्गहून नकार आला. तिथल्या एचआरच्या बाईने तिला फोन करून कारणही सांगितलं. जर्मन माणूस कारण विचारलं की देतो, तेही गुळगुळीत न करता. तुम्हाला कुठलीही नोकरी चालेल असं वाटलं, हीच हवी आहे असं काही दिसलं नाही, असं ती म्हणाली. शनिवारचं ऐकून तर त्यांचा विभागप्रमुख बिचकलाच होता. उद्या ही न विचारता शनिवारी येऊन बसली, तर कामगारांची समिती, म्हणजे बेट्रीब्सराट, त्यालाच जाब विचारणार.

पोरगी आमच्या सोफ्यावर बसून हे सांगत होती. तिने मला एका शब्दाने बोल लावला नाही, म्हणून मला जास्तच अपराधी वाटलं. आता सात आठवडे उरले होते. मधले चार माझ्या शहाणपणाने खाल्ले होते.

"तुला खरं काय विचारायचं होतं?" मी विचारलं.

ती म्हणाली, "नव्या माणसाकडून चूक झाली तर इथे काय होतं, हे."

चाकणला इंटर्नशिप करताना तिच्या हातून एक महागडा सेन्सर जळला होता. साहेब सगळ्या मजल्यासमोर तिच्यावर ओरडले. पुढच्या वेळी चूक झाली तेव्हा तिने ती कोणालाच सांगितली नाही. "मावशी, मला ती सवय लागायला नकोय. बाकी टेबल कुठेही द्या."

मी इतक्या मुलाखतींना बसले, पण हा प्रश्न मी कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता. मग ती म्हणाली, "तुमच्याकडे काय होतं?"

मला उत्तर माहीत नव्हतं. कारण पंधरा वर्षांत मी तिथे चूक कधी कबूल करूनच पाहिली नव्हती. नोकरीच्या पहिल्या सहा महिन्यांत मी एका चाचणीत भाराचा आकडा चुकीचा भरला होता. अहवाल जायच्या आधी ते माझ्या लक्षात आलं. त्या सहा महिन्यांत कंपनी कधीही काढून टाकू शकते. मी घाबरले. मला शिकायचंय असं सांगून परवानगी काढली आणि चार शनिवार एकटीने सगळ्या चाचण्या परत केल्या. सगळ्यांनी कौतुक केलं, काय कष्टाळू बाई आहे! मी ते कौतुक मुकाट्याने खिशात घातलं आणि पुढे शनिवारी काम करणं हाच माझा गुण झाला. हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी त्या पोरीला सांगितलं.

"म्हणजे तू मला तुझी भीती शिकवलीस," ती म्हणाली. रागाने नाही, कोडं सुटल्यासारखं.

पुढची मुलाखत इंगोलश्टाटमध्येच, दुसऱ्या एका कंपनीत होती. पाच आठवडे उरले होते. मी काहीही शिकवलं नाही. फार जड गेलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन आला.

"विचारलं?"

"विचारलं. बॉस म्हणाला, आल्झो, म्हणजे बघा, खरं सांगू? मी चिडतो. दोन दिवस धड बोलत नाही. तिसऱ्या दिवशी येतो आणि आम्ही बसून दुरुस्त करतो."

"अगं बाई! आणि तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, गेनाऊ, अगदी बरोबर, एवढंच मला हवं होतं. तो हसला. मावशी, निदान खरं बोलला ना?"

आठ दिवसांनी तिला होकार आला. तिने एक वीकेंड मागून घेतला, विचार करायला! ते दोन दिवस माझा जीव टांगणीला लागला होता. तिचा मात्र निवांत विचार चालला होता. सोमवारी सकाळी तिचा फोन आला.

"घेतेय मी ही नोकरी. आणि ऐक, माझी पहिली चूक झाली ना, की ते दोन दिवस मी तुझ्याकडे राहायला येणार."

"ये की," मी म्हणाले. "पण आधी चूक त्याला सांगून ये."