गाडी चालू होती

ओमानमधल्या सोहारच्या औद्योगिक वसाहतीत क्रेन भाड्याने देणाऱ्या एका कंपनीत मी सहा वर्षं नोकरी केली. कार्डावर 'ट्रान्सपोर्ट कोऑर्डिनेटर' असं छापलेलं होतं. प्रत्यक्षात काम दोनच प्रकारचं, ड्रायव्हरांचे कागद सांभाळायचे आणि ड्रायव्हरांवर खेकसायचं. दुसरं मला जास्त जमायचं. नवरा बंदरात नोकरीला, घरात आम्ही दोघंच, त्यामुळे माझा दिवसभराचा राग सगळा यार्डाच्या वाट्याला यायचा.

चाचा यार्डातले सगळ्यांत जुने क्रेनवाले. ते रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे आणि मी चिपळूणची. पहिल्याच दिवशी माझं बोलणं ऐकून त्यांनी विचारलं, "कुठली गो तू?" आणि मी गाव सांगितल्यापासून त्यांच्यासाठी 'बाय' झाले. इतरांशी ते हिंदीत बोलत, माझ्याशी गावच्या बोलीत. आपल्या दहा चाकांच्या पिवळ्या क्रेनशी कुठल्या भाषेत बोलत ते मला कधी नीट ऐकू आलं नाही, पण सकाळी चढण्याआधी दोन शब्द बोलल्याशिवाय चढत नसत. साठीला आले होते. क्रेनवरून उतरवलं तर आपण काय करायचं, हा प्रश्न त्यांनी स्वतःला कधी विचारलाच नव्हता, आणि दुसऱ्या कोणी विचारला तर त्यांना राग येई.

दोन हजार चौदा-पंधराच्या सुमाराला, ज्या कारखान्यांत आमच्या क्रेन जायच्या त्यांनी एक अट घातली. प्रत्येक जड गाडीत टॅकोग्राफ पाहिजे. म्हणजे स्टिअरिंगपाशी एक काळा डबा. ड्रायव्हरने त्यात आपलं कार्ड सरकवलं की तो किती तास गाडी चालवतो आणि किती वेळ थांबतो याची नोंद होत राहणार. सलग साडेचार तास झाले की डबा पीं पीं करून ओरडणार, आणि मग पाऊण तास विश्रांती घ्यायचीच. दिवसाला नऊ तासांची मर्यादा. ती ओलांडली की माझ्या रिपोर्टात नावापुढे लाल खूण, आणि तीन लाल खुणा झाल्या की माणूस गाडीवरून खाली. चाचा त्या डब्याला 'सासू' म्हणत.

लांब पल्ल्याच्या ट्रेलरवाल्यांसाठी हा नियम चांगलाच होता. क्रेनची तऱ्हा वेगळी. क्रेन सकाळी अर्धा तास रस्त्याने जाते, साइटवर चार लोखंडी पाय पसरून उभी राहते आणि मग दिवसभर इंजिनाच्या जोरावर वजनं उचलते. चाक एक इंचही फिरत नाही. आमच्या डब्याला एवढी अक्कल नव्हती. इंजिन सुरू म्हणजे ड्रायव्हिंग, एवढंच त्याला ठाऊक. एका कारखान्यात वार्षिक दुरुस्तीचं काम निघालं, चाचा एका जागी उभे राहून अकरा तास नळ्या उचलत राहिले, आणि डब्याने लिहिलं की या माणसाने अकरा तास गाडी हाकली. पहिली लाल खूण.

दुसरी खूण मात्र माझ्यामुळे लागली.

पुढच्या महिन्यात पुन्हा तसंच झालं तेव्हा सेफ्टी ऑफिसरने चौकशी लावली. हा केरळचा गृहस्थ, शिस्तीचा, हसणं घरी ठेवून येणारा. चाचांचा जबाब इंग्रजीत हवा होता. चाचांचं इंग्रजी 'यस, नो, स्लोली स्लोली' एवढंच, म्हणून लिहायला मी बसले. चाचा म्हणाले, "गाडी चालू व्हती, मी आत बसलेलो. दुसरा काय?"

मी झरझर लिहिलं, 'व्हेइकल वॉज रनिंग. ही वॉज इन द केबिन.'

ऑफिसरने वाचलं, मान हलवली आणि म्हणाला, "सो ही अॅडमिट्स." गाडी धावत होती असं याने स्वतःच कबूल केलंय. मला क्षणभर कळेचना. मग कळलं. आपल्याकडे दुकान चालू असतं, पंखा चालू असतो, शाळासुद्धा चालू असते, आणि यांतलं काहीही जागचं हलत नाही. 'चालू'चं मी 'रनिंग' केलं आणि दहा चाकांची उभी क्रेन कागदावर रस्त्याने पळवली. मी समजावायला गेले, पण खाली चाचांची सही झाली होती. सही झालेला जबाब बदलता येत नाही, असं त्याने थंडपणे सांगितलं.

चाचा माझ्यावर रागावले नाहीत. उलट बाहेर आल्यावर म्हणाले, "जाव दे गो बाय. आजून एक शिल्लक हाय ना?"

त्या वाक्याने माझी झोप उडाली. नियमांचं पुस्तक मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढलं, आणि शेवटच्या पानांत मला सूट सापडली. फिरत्या क्रेन, काँक्रीटचे पंप, विहिरींवर काम करणाऱ्या तेलकंपन्यांच्या गाड्या अशी खास वाहनं एका जागी उभी राहून काम करत असतील, तर इंजिनाचे ते तास ड्रायव्हिंगमध्ये धरू नयेत. अट एकच. ड्रायव्हरने विश्रांतीच्या वेळा हाताने वहीत लिहायच्या आणि दर आठवड्याला कोऑर्डिनेटरने, म्हणजे मी, त्यावर सही करायची.

सहा आठवडे मी त्या सूटमागे होते. अर्ज केले, फोटो जोडले, मेकॅनिकला घेऊन प्रात्यक्षिक दाखवलं, दोनदा आवाज चढवला. 'इन्शाल्ला' हा शब्द मी त्या काळात इतका ऐकला की शेवटी मीच लोकांना म्हणायला लागले. सूट मिळाली. मेकॅनिकने डब्याची वायर बदलून चाकांना जोडली. आता चाक फिरलं तरच डबा मोजणार. साइटवर तो दिवसभर गप्प.

त्या दिवशी चाचांनी बाजारातून ओमानी हलव्याचं डबडं आणलं. म्हणाले, "आमच्या बायनं सासूचा तोंड बंद केलान." मी फार खूश होते. नवऱ्याला रात्री तीनदा तीच गोष्ट सांगितली.

पुढे दोन-अडीच महिने सगळं सुरळीत चाललं. दर गुरुवारी चाचांची वही यायची. मराठी शाळेतलं गोल गोल अक्षर. 'साडेअकरा ते सव्वाबारा विश्रांती. चार ते पावणेपाच विश्रांती.' मी सही ठोकायची आणि वही परत द्यायची.

असंच एका गुरुवारी चाचा वही घेऊन आले. मी फोनवर कोणाला तरी झापत होते, म्हणून खुणेने त्यांना बसा म्हटलं. फोन ठेवून बघते तर ते खुर्चीतच झोपलेले. मान एका बाजूला, तोंड किंचित उघडं. वही मांडीवरून खाली घसरली होती. हातांवरच्या शिरा फुगलेल्या, डोळ्यांखाली काळं. हा माणूस इतका म्हातारा कधी झाला, असं मला वाटलं. मी वही उचलली आणि इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा ती नीट वाचली.

रोज साडेअकरा. रोज सव्वाबारा. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. खरी विश्रांती अशी नसते. कधी वजन हवेत लटकलेलं असतं, कधी नमाजाची वेळ पुढेमागे होते, कधी चहाच उशिरा येतो.

मी त्यांना उठवलं नाही. बाहेर जाऊन साइटच्या फोरमनला फोन लावला. "आमचे चाचा विश्रांती कधी घेतात?"

तो हसला. "अरे मॅडम, उसकी गाडी तो छूटवाली है ना? आपने ही तो कागज भेजा. अब रुकने का क्या काम? यल्ला, चलने दो."

आत आले तेव्हा चाचा जागे झाले होते आणि ओशाळून टोपी सारखी करत होते. मी वही त्यांच्यापुढे टाकली. "चाचा, हे काय आहे? खोटं का लिहिलंत?"

त्यांनी वही मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "सासू वरडायची तेवा बरा व्हता गो. फोरमनला सांगता यायचा, मी नाय थांबत, मशीन थांबवताय. आता मशीन गप. मी सवताहून थांबतो बोललो तर ते काय बोलतील? म्हातारा दमला. म्हातारा दमला की क्रेनवर दुसरा माणूस."

"मग मला सांगायचं होतंत!"

"कसा सांगू? तू सा आठवडे भांडलीस माज्यासाठी. येवढ्या मायेनं आणलेली सूट परत कशी देऊ?"

मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून मी आणखीच खेकसले. बहुतेक मी त्यांना मूर्ख म्हातारे असंही म्हणाले. त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. त्या म्हाताऱ्यावर माझा किती जीव होता, हे मला त्या दुपारी कळलं.

तशीच उठून मी सेफ्टी ऑफिसरकडे गेले. वही पुढे ठेवली. सांगितलं, खोटं त्यांनी लिहिलंय आणि न वाचता सह्या मी केल्यात. माझी नोकरी गेली तरी चालेल, पण त्यांना क्रेनवरून उतरवू नका, आणि त्यांचा तो डबा पुन्हा ओरडता करा. त्याने वही चाळली, सूटचा कागद काढून पुन्हा वाचला. मग म्हणाला, सूट तास मोजण्यापुरती आहे, भोंगा बंद करायला कोणी सांगितलं? तो तुमच्या मेकॅनिकचा शहाणपणा. मला एक कडक पत्र मिळालं. फोरमनलाही मिळालं. चाचांना मात्र त्याने तिसरी खूण दिली नाही. दुसरी तशीच राहिली, ती मला आजही बोचते.

भोंग्याची वायर पुन्हा इंजिनाला जोडायला मेकॅनिक आठवडाभराने येणार होता. तोवर सासूचं काम मी केलं. साइटवर इंजिन सकाळी सात वाजता सुरू व्हायचं, म्हणून पहिल्या दिवशी बरोबर साडेअकराला चाचांना फोन लावला. "चाचा, गाडी बंद केलीत का?"

"केली."

"वहीसारखी?"

ते हसले. "थांब, ऐक." त्यांनी फोन बहुतेक केबिनच्या खिडकीबाहेर धरला. एरवी त्यांच्या फोनमागे इंजिनाची ती जाड घरघर असायची. आता वारा होता आणि लांबून कुठूनतरी हातोड्याचा आवाज येत होता. मी अख्खं मिनिटभर ऐकत बसले.

"ऐकलास?"

"ऐकलं."

"मंग आता तुजी बंद कर. सकाळपासून चालू हायस. जेवलीस?"

माझा जेवणाचा डबा टेबलाखाली तसाच होता. मी फोन कानाला धरूनच तो वर घेतला आणि झाकण उघडलं. "उघडलाय," मी म्हटलं. चाचा म्हणाले, "फोन तिकडं धर बगू, जेवायचा आवाज ऐकू दे."