कडेला लागला

मी एका बाईला तिच्या नवऱ्याचं तोंड शेवटचं पाहू दिलं नाही. त्याला पुरानं नेलं, त्यात माझा हात नव्हता. पण पुरानं त्याचा देह परत दिला होता, खालच्या गावचे लोक तिच्यासाठी थांबायला तयार होते, आणि हे ठाऊक असलेला आमच्या गावात मी एकटाच होतो. मी ते दडवलं. चांगल्या कामासाठी दडवलं, असं पुष्कळ दिवस स्वतःला सांगत राहिलो. काम खरोखरच चांगलं होतं, म्हणून तर ते सांगणं इतके दिवस चाललं.

लढाई संपली होती आणि स्वराज्य अजून यायचं होतं, त्या मधल्या काळातली ही गोष्ट. प्रवरेच्या काठी, बेलापूरच्या खालच्या अंगाला असलेल्या एका गावात मी शाळामास्तर होतो. भाद्रपदात वर घाटात पाऊस कोसळला आणि पहाटे नदी गावात शिरली. गाव उंचावर, पण भोई, महार आणि ख्रिस्ती मंडळींची घरं खाली नदीच्या अंगाशी. ती वस्ती बघता बघता गेली. काही माणसं अंथरुणातच गेली. जी वाचली त्यांतली बरीचशी एका भोयानं वाचवली. त्याची नाव आधीच वाहून गेली होती. त्यानं गुऱ्हाळावरची, गूळ आटवायची लोखंडी काहील पाण्यात लोटली आणि तिच्यात बसवून एकेका छपरावरची माणसं तो काठाला आणत राहिला. शेवटच्या खेपेला काहील बाभळीवर आपटून उलटली. आतली म्हातारी फांदीला धरून राहिली. तो गेला.

पाणी उतरलं तशी त्याची बायको काठावर जाऊन बसली ती उठेना. वस्तीत घरोघर सुतक होतं, तिच्या घरात नव्हतं. देह मिळाल्याशिवाय सुतक धरायचं कसं? कपाळावर कुंकू, हातात बांगड्या, पोटात अन्न नाही, आणि वाहत येणाऱ्या प्रत्येक ओंडक्याकडे तिची नजर.

अशात निरोप आला की असेंब्लीचे दोन मेंबर पूरग्रस्तांना धीर द्यायला येताहेत. आज आपण आमदार म्हणतो, तेव्हा आमच्या तोंडी मेंबरच होतं. गावानं मदत समिती केली होती, लिहिता येतं म्हणून मी तिचा चिटणीस. आमचं मागणं एकच होतं. ही वस्ती पुन्हा नदीच्या तोंडी नको, वरच्या गायरानात जागा द्या.

"गुरुजी," पाटील मला म्हणाले, "वरच्या गावात मेंबर मोटारीतनं उतरलेच न्हाईत म्हनं. उतरून भेटायचं कुनाला? मानसं समदी मढी हुडकाया गेल्ती. आपली मानसं जाग्यावर पायजेत. आन् ओवाळायला बाई वस्तीतलीच पायजे. आमच्या आळीतली नटवून हुबी केली तर मेंबर म्हनतील, हितं पूर आलाय का लगीन हाय?"

"वस्तीत सगळ्यांना सुतक आहे, पाटील."

"भोईनीला न्हाई."

मेंबर यायच्या दिवशी सकाळी एक उतारवयाचा माणूस शाळेच्या दारात उभा राहिला. नेवाशाच्या वाटेवरच्या, नदीकाठच्याच एका गावाहून चालत आला होता. कमरेपर्यंत चिखल.

"तुमी गुरुजी का? तुमच्या भोयाचं प्रेत आमच्याकडं कडंला लागलंय. मी वळखतो त्येला, लई वेळा मासं धरलं संगं. दुपार कलेपतोर ठिवतो. म्होरं ठेवन्याजोगं न्हाई. त्येच्या मंडळीला लगोलग धाडा."

"धाडतो," मी म्हणालो. त्याला पाणी दिलं. तो आल्या पावली परत गेला.

धाडणारही होतो. शाळेपासून काठापर्यंत जाताना विचार बदलला. ही निघाली की हिच्यामागे सगळी वस्ती निघणार, कारण बहुतेकांचा जीव त्याच्याच हातचा होता. मेंबर येतील तेव्हा नुसता चिखल असेल. मोटार वळेल आणि गायरान जाईल ते जाईल. पुढच्या पुरात याच वस्तीतली पोरंबाळं पुन्हा पाण्यात. एका मेलेल्या माणसासाठी एवढ्या जित्यांचं नुकसान? असा हिशेब मी चालता चालता केला आणि तो मला पटला.

"गुरुजी, काय कळलं का वो?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, "कडेला लागला."

आमच्याकडे पोहणारा सुखरूप काठाला पोचला तर 'कडेला लागला' म्हणतात आणि मढं काठाला आलं तर 'कडेला लागलं'. मी मुलांना व्याकरण शिकवणारा माणूस. 'प्रेत' एवढा शब्द गाळला, नपुंसकलिंगाचं पुल्लिंग केलं आणि गप्प उभा राहिलो. बाकीचं काम तिच्या आशेनं केलं.

तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग नदीकडे, आणि नदीला एक सणसणीत शिवी हासडली. मग उठली आणि वाटेलाच लागली.

"थांब," मी म्हणालो. "पाय दुखावलाय त्याचा, चालवत नाही. तिथल्या लोकांनी ठेवून घेतलंय. मेंबर येऊन जाऊ देत, मग जा. वस्तीच्या जागेचा प्रश्न आहे, बाई."

"जागंसाठी व्हय? मंग थांबते. त्यो बी ह्येच म्हनला असता."

मेंबर सकाळी यायचे होते, त्यांची मोटार कुठल्याशा ओढ्यात अडकली. इकडे वस्तीतल्या बायकांनी तिला न्हाऊ घातलं. कुणी धुतलेलं लुगडं दिलं, कुणी वेणी घातली. दुःखात बुडालेल्या बायका तिच्यामुळे पहिल्यांदा हसत होत्या.

"आला की आदी शिव्या घाल गं त्येला," एकीनं म्हटलं.

"शिव्या? काठी घेनार हाय मी. चार दिस जिवाला घोर लावला. काहिलीत बसून गेलाय, गूळ हाय का तू म्हनावं!"

सूर्य डोक्यावर आला. ती मला विचारी, "गुरुजी, जाऊ का आता?" मी म्हणे, "आलेच, आता आलेच." सावल्या लांबायला लागल्या. अजून सांगितलं, पळत सुटली, तर पोचेल. आता सांगावं. आता. दर वेळी ती हसून बघायची आणि मी मोटारीच्या वाटेकडे बघायचो. एकदा मी तिच्या अगदी जवळ गेलो आणि विचारलं काय, तर निरांजनात तेल पुरेल का.

मोटार आली. दोघेही मेंबर उतरले. त्यांना मी नावं ठेवणार नाही. धोतर गुडघ्यावर खोचून ते चिखलातून वस्तीच्या शेवटच्या पडक्या भिंतीपर्यंत चालले. तरुण मेंबर वकील होते, त्यांनी गायरानाचं सगळं नीट विचारून घेतलं आणि जागा मिळवून देण्याचा शब्द दिला. म्हाताऱ्या मेंबरांना तिनं ओवाळलं. त्यांनी तिच्या कपाळाकडे पाहिलं.

"माय, तुझ्या घरची माणसं ठीक आहेत ना?"

"व्हय साहेब. माझा मालक गेल्ता पान्यात, ह्या समद्यांना काढता काढता. पर कडंला लागला."

म्हातारे गहिवरले. लोकांसमोर बोलताना म्हणाले, "मी इथं धीर द्यायला आलो होतो, पण धीर मलाच इथं मिळाला. त्या माणसाचे पाय पाहिल्याशिवाय मी नगरला परत जाणार नाही. माय, चल, मोटारीत बस."

मला वाटलं, जमीन फाटावी. मोटारीत तिच्या शेजारी मीही बसलो. तिनं भाकरी फडक्यात बांधून मांडीवर धरली होती. मोटारीत बसायची तिची पहिलीच वेळ. खड्डा आला की ती हसे आणि मेंबरही हसत. तेव्हाही मी बोललो नाही.

गाडीवाट संपली तिथून पुढे चालत गेलो. नदीकाठी धूर दिसला. माणसं परतायला लागली होती.

"लई वाट पाह्यली, बाई," एकजण म्हणाला. "दुपार कलली तवा अग्नी दिला. ठेववतच नव्हतं."

"कुनाला?" तिनं विचारलं.

सकाळचा तो माणूस पुढे आला. "गुरुजी, मी तर सकाळीच सांगितलं हुतं की—"

"तू म्हणालास कडेला लागला," मी मोठ्यानं म्हणालो. "कडेला लागला, एवढंच म्हणालास."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मास्तर खोटं बोलतोय हे त्याला पटेना, म्हणून तो आपलंच बोलणं आठवायला लागला. तेवढ्यात तिनं त्याच्या तोंडात मारली. पुन्हा मारली. मग जळणाऱ्या लाकडांकडे धावली. लोकांनी तिला धरलं. "त्वांड तरी दावा," ती म्हणत होती. "येकदा त्वांड दावा." दाखवायला काही उरलं नव्हतं.

म्हाताऱ्या मेंबरांनी डोक्यावरची टोपी काढली आणि तिच्याजवळ चिखलात बसले. अंधार पडेतो बसून होते.

मेंबरांनी शब्द पाळला. वर्षभरात गायरान मिळालं, वस्ती वर गेली. लोक म्हणत, गुरुजींनी केलं. आणि ती, जिला मी अडवून ठेवलं, माझी समजूत घालायची. "तुमी तरी काय करनार, गुरुजी? तुमाला बी त्या निरोप्या मेल्यानं फसवलं."

त्या मेल्याला मात्र आमच्या गावात पाऊल टाकणं अवघड झालं. लोकांनी त्याला 'कडंलाग्या' म्हणायला सुरुवात केली. त्याची टोपलीतली मासळी कुणी घेईना. घोडेगावच्या बाजारात तो मला एकदा दिसला, बैलांच्या गर्दीत. जवळ येऊन हळूच म्हणाला, "गुरुजी, तुमाला ठावं हाय मी काय बोल्लो. तिला येकदा सांगा की. मला न्हाई सोसवत ह्ये." मी बैलाचे दात बघायचं नाटक केलं आणि पुढे सरकलो.

पुढे शाळेच्या अंगणात दोन मुलं भांडताना ऐकली. एक दुसऱ्याला म्हणाला, "खोटारड्या! कडंलाग्या!" मी छडी उचलली. मारणार कुणाला, आणि कशासाठी? ती खाली ठेवली, शाळा सोडून दिली आणि त्या माणसाच्या गावाची वाट धरली. "माझ्याबरोबर चल," एवढंच त्याला म्हणालो. तो आला.

गायरानातल्या तिच्या नव्या झोपडीसमोर आम्ही उभे राहिलो. ती बाहेर आली आणि त्याला पाहून दगड शोधायला लागली.

"ह्याला कशापायी आनलं माझ्या दारात?"

आजूबाजूची माणसं जमली. मी पाण्यापासून, समितीपासून, कुठून कुठून सुरुवात केली. तिनं मला थांबवलं.

"गुरुजी, काय सांगायचं ते सरळ सांगा."

मी सांगितलं, "ह्यानं मला प्रेत आहे म्हणून स्पष्ट सांगितलं होतं. तुला लगोलग धाडा म्हणाला होता. मेंबरांसमोर वस्ती उभी राहावी म्हणून मी तुला खोटं सांगितलं, दिवसभर अडकवलं, आणि नंतर सगळं ह्याच्यावर ढकललं. ह्याचं काही चुकलेलं नाही. तुझा मालक तुला बघायला मिळाला असता, माझ्यामुळे मिळाला नाही. दादा, तुमची मी माफी मागतो, इथं सगळ्यांच्या देखत. आणि बाई, तुझी माफी मागायला मला तोंड नाही. तरी मागतो."