मेजवानीपुरतं जंगल

योगीराज झिंगाडे बंगळुरूच्या मारतहळ्ळीतला मांडववाला, धंदा आजोबांपासूनचा. लग्न उरकलं की मांडवाच्या केळी गायींना घालायच्या, कचऱ्यात टाकायच्या नाहीत, ही घरची रीत. पण त्या दिवशी त्याला स्वतःच्याच हातांची किळस आली.

एका कंपनीनं जुनी वर्षावनं वाचवण्यासाठी देणगीदारांना मेजवानी दिली होती. “प्लास्टिक नको अण्णा, खरं जंगल वाटलं पाहिजे,” असं कंपनीच्या शिल्पाश्रीनं बजावलं होतं. म्हणून मलनाडातून, घाटातल्या जंगलांतून, टेम्पो भरून आला: झाडांवरून खरवडलेलं शेवाळ आणि मुळांसकट उपटलेले नेचे. हे आता कुठली गाय खाणार? योगीराजनं ते स्वतःच्या हातांनी मांडवभर लावलं आणि त्यावर कुणीतरी जंगलाच्या वासाचा सेंट फवारला.

पडद्यावर भिंतीएवढा हिरवा बेडूक झळकला, खाली अक्षरं होती, ‘याला वाचवा’. टाळ्यांचा कडकडाट झाला. तेवढ्यात शेवाळातून तसलाच, नखाएवढा बेडूक पहिल्या रांगेसमोर उडी मारून आला. एक बाई किंचाळली. शेजारच्या साहेबानं तो बुटाखाली चिरडला आणि पुन्हा टाळ्या वाजवू लागला.

शिल्पाश्री धावत आली. “अण्णा, तिथं स्वल्प पुसून घ्या ना. सगळे फोटोला तिथंच उभे राहणार आहेत.”