ट्यूबलाइटखालच्या बारा पट्ट्या

घरामागच्या शेडमधलं माझं लेथ मशीन मिनिटाला नेमके किती फेरे घेतं, हे कळायलाच हवं असं मी एकदा डोक्यात घेतलं. आणि मी डोक्यात घेतलं की घेतलं. माझ्या बायकोला विचारा, असं म्हणालो असतो. पण आता तिला विचारायची सोय राहिलेली नाही.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी तारापूरच्या एका कारखान्यात टर्नर होतो, लेथवर लोखंड कातायचो, आणि आम्ही दोघं जवळच्या पाम गावात राहायचो. मूलबाळ नव्हतं. पत्र्याची शेड टाकून मी तिथं भंगारातून आणलेलं चार फुटी लेथ बसवलं होतं. कारखान्यातून आलो की चहा घ्यायचा आणि शेडमध्ये शिरायचं. होडीच्या इंजिनाचे बुश, पंपाचे शाफ्ट, काही ना काही काम असायचंच. पण मशीनवरची वेगाची पाटी कुणीतरी आधीच उचकटून नेली होती, मोटर बदललेली, पुल्या बदललेल्या. वेग माहीत नाही आणि काम करतोय, हे माझ्या स्वभावात बसेना.

वेग मोजायचं मीटर कारखान्यात होतं, पण आमचा स्टोअरकीपर ते गेटबाहेर जाऊ देईल तर शपथ. मग मी ट्यूबलाइटची युक्ती केली. ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, आपल्याला ते दिसत नाही एवढंच. कागदाच्या चकतीवर बारा काळ्या पट्ट्या ओढायच्या आणि ती चकती फिरणाऱ्या भागावर चिकटवायची. वेग बरोबर पाचशे असला तर त्या उजेडात पट्ट्या जागच्या जागी उभ्या दिसतात, नसला तर सरकत राहतात. माझ्या सरकत होत्या. मी पुली काढायचो, केसभर कातायचो, परत बसवायचो. तीन सुट्ट्या त्यातच गेल्या. शेवटी एका दुपारी पट्ट्या उभ्या राहिल्या. मशीन घरघरतंय आणि पट्ट्या जागच्या हलत नाहीत! मला एवढा आनंद झाला की मी तिला हाक मारायचंसुद्धा विसरलो.

ती चिंचणीची, मच्छीमारांच्या घरातली. त्यांच्याकडे बायकांचे कान किनाऱ्याला असतात. होडी दिसायच्या आधी इंजिनाचा आवाज येतो आणि तेवढ्यावरून ती कुणाची, हे त्या सांगतात. होडी किनाऱ्याजवळ आली की इंजिन हळू करतात. तो आवाज उतरला की घरातली बाई उठते आणि भात टाकते, म्हणजे माणूस मासळी उतरवून येईपर्यंत ताटात गरम भात पडतो. ती लहानपणापासून हेच करत आलेली. लग्न होऊन पामला आली तर इथं होडी कुठली? इथं माझं मशीन होतं.

आमचं वाजलं ते त्यावरूनच. एका संध्याकाळी मी शेडमधून आलो तर ताटात भात पुन्हा गार झालेला. मी कुरकुरलो. ती म्हणाली, "मशीन हळू झालं म्हणून भात टाकला. तुमी आलाच नाय."

"मशीन हळू झालं नाही," मी म्हणालो.

"झालं की. रोजच सांजचं हळू होतं. दुपारचा आवाज येगळा नि सांजचा येगळा हाय."

आता खरं तर त्यात चिडण्यासारखं काय होतं? पण माझं डोकंच फिरलं. तीन सुट्ट्या घालवून जमवलेला वेग, आणि ही स्वयंपाकघरात बसून मला सांगणार! मला वाटलं, हिला मी शेडमध्ये बसतो हेच खुपतं, म्हणून काहीतरी निमित्त काढते. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तिला हाताला धरून शेडमध्ये नेलं. मशीन चालू केलं, ट्यूबलाइट लावली. "बघ. सरकतायत का पट्ट्या? सांग ना, सरकतायत?"

तिनं बराच वेळ बघितलं. पट्ट्या उभ्या होत्या.

"उभ्या हायेत," ती म्हणाली.

"मग? कान तपासून घे तुझे."

तिनं ओले हात पदराला पुसले आणि म्हणाली, "वाजत असतील माझे कान." त्यानंतर मशीनच्या आवाजाबद्दल तिनं पुन्हा चकार शब्द काढला नाही. मी शेडमधून बाहेर आल्यावर, हातपाय धुताना पाण्याचा आवाज आला की मग ती भात टाकायची. मी जिंकलो होतो ना! अर्धा अर्धा तास ताटासमोर बसून राहायचो.

चार वर्षांनी ती काविळीनं गेली. पंधरा दिवसांत सगळं आटोपलं. नंतर मी शेडमध्येच जास्त बसायला लागलो, कारण घरात काही वाजत नव्हतं. खरं सांगायचं तर शेडमध्येही मशीन नुसतंच चालू ठेवून बसायचो, काम नसलं तरी.

पुढे कधीतरी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत आमच्या बिहारी इलेक्ट्रिशियनला मी त्या पट्ट्यांची बढाई सांगत होतो. त्यानं घास हातात धरूनच विचारलं, "मोटर किस लाइन पे?" म्हटलं, घरच्याच. "और ट्यूबलाइट?" तीही घरचीच. तो हसायला लागला. "अरे भाई, शाम को लोड बढ़ता है, तो बिजली ही धीमी चलती है. मोटर धीमी, ट्यूबलाइट की झपक भी धीमी. दोनों साथ में धीमे होंगे तो पट्टी खड़ी ही दिखेगी ना!"

डबा तसाच बंद केला. एवढी वर्षं टर्नर म्हणून मिरवलो आणि एवढं साधं डोक्यात आलं नाही. मोजणारा आणि मोजायची वस्तू एकाच तारेवर!

त्या शुक्रवारी, कारखान्याच्या सुट्टीला, वेगळ्या रीतीनं मोजलं. लेथवर आटे पाडायची सोय असते. ती जोडली की एका फेऱ्याला हत्याराची गाडी ठरलेलं अंतर चालते. मी ते एक मिलिमीटर ठेवलं. हातात चावीचं घड्याळ घेतलं, त्याचा विजेशी काही संबंध नाही. दुपारी अर्ध्या मिनिटात गाडी अडीचशे मिलिमीटर चालली, म्हणजे मिनिटाला पाचशे फेरे, अगदी चोख. संध्याकाळी सात वाजता परत लावलं. दोनशे चाळीस. पुन्हा लावलं. दोनशे चाळीसच. आणि समोर त्या बारा पट्ट्या निर्लज्जासारख्या उभ्या.

मी मशीन बंद करून तिथंच खाली बसलो. बारीकसा फरक होता, माझ्या कानाला आजही कळत नाही. तिला तो भिंतीपलीकडून, भांड्यांच्या आवाजातून कळायचा. आणि मी तिला तिचेच कान खोटे ठरवायला लावले. उरलेली चार वर्षं ती स्वतःच्या कानांवर विश्वास न ठेवता जगली असेल का, हा विचार काही केल्या जाईना. पंधरा दिवस झोप लागली नाही.

शेवटी चिंचणीला मेव्हण्याकडे गेलो. त्याची होडी आता मुलगा न्यायचा. तो अंगणात जाळं विणत होता, त्याची बायको शेजारी मासळी निवडत होती. मी सगळं सांगितलं. पट्ट्या, ट्यूबलाइट, मी काय बोललो ते. "चूक माझी होती. तिचे कान बरोबर होते," मी म्हणालो.

मेव्हण्यानं हातातलं काम थांबवलं नाही. म्हणाला, "आमाला काय सांगता, भावोजी? ती शेवटची आली तवा पाच होड्या येत होत्या, तिनं पाचाच्या पाच वळखल्या."

"मग मला का नाही सांगितलं कधी? मी विचारलं असतं तर..."

"हिनं विचारलेलं तिला." त्यानं बायकोकडे बघितलं. "तर म्हणाली, त्यांना उभ्या पट्ट्या बघून लय बरं वाटतं, र्‍हाऊदे."

कान तिचे शाबूत होते. मला सांगणं तेवढं तिनं सोडून दिलं होतं.

तेवढ्यात मेव्हण्याची बायको उठली, हात धुतले आणि आत गेली. आतून तांदूळ धुतल्याचा आवाज आला. "पोरगा आला," मेव्हणा म्हणाला. मी समुद्राकडे कान लावून बसलो. मला काहीच ऐकू येत नव्हतं.