हुंकाऱ्यापुरती जागा

टेलरचाचांनी माझी पुस्तकं पिशवीत भरून परत केली, तेव्हा मला खरी भीती वाटली. हट्टा या आमच्या गावात त्यांचं शिवणाचं दुकान आहे. शाळा सुटली की तिथं स्टुलावर बसायचं आणि पुस्तकांवरून त्यांच्याशी भांडायचं, हा माझा वीस वर्षांचा नेम. आता त्यांच्या डोळ्याचा पडदा खराब झाला. डॉक्टरांनी शिवणही बंद केलं, वाचनही. शिवण त्यांच्या लेकानं सांभाळलं. भांडणाचं काय?

मी त्यांच्या फोनवर ऑडिओबुकं लावून दिली. निवड अर्थात माझी. शिफारशी करण्याचा मला जुना आजार आहे.

पहिली एक नावाजलेली कादंबरी. वाचणारे गृहस्थ प्रत्येक वाक्याला शाल-श्रीफळ देत होते.

"सर, यात माणूस नुसता बसल्या जागी चहा पिऊन राहिला," चाचा म्हणाले, "अन् हा असा सांगतो जसं झेंडावंदन चाललंय."

दुसऱ्या पुस्तकात खेड्यातली माणसं होती. वाचणाऱ्यानं त्यांच्यासाठी खास आवाज काढला होता, साऱ्या गावाला पडसं झाल्यासारखा. मागे बासरी.

"आपण असं बोलतो का?"

"नाही."

"मग हा कोण्या गावचा?"

तिसरं प्रवासवर्णन. आवाज चांगला होता, म्हणून मी निर्धास्त होतो. तीन दिवसांनी चाचांनी फोनच माझ्यापुढे सरकवला.

"हा लई बेअदब आहे. माझा डोळा लागला, मी हुंकारा द्यायचा थांबलो, तरी हा सांगूनच राहिला. उठलो तर गडी दोन डोंगर पार!"

आमच्याकडे गोष्ट ऐकणाऱ्यानं अधूनमधून 'हं' म्हणायचं असतं. 'हं' थांबलं की सांगणारा थांबतो. चाचा फोनलाही इमानेइतबारे हुंकारा देत होते.

"चाचा, मशीन आहे. त्याला ऐकू येत नाही."

"ते कळतं मला. पण त्यानं वाचलं तेव्हा तर तो माणूसच होता ना?"

यावर मीच 'हं' म्हटलं. मास्तरकीत ही वेळ क्वचित येते. घरी जाऊन मी माझी आवडती यादी पुन्हा ऐकली, या खेपेला 'हं' म्हणत. बहुतेक नामवंतांनी माझा 'हं' पायाखाली तुडवला. अखेर एका वयस्क बाईंनी वाचलेल्या कथा सापडल्या. आवाज साधा, थोडा बसलेला. एके ठिकाणी पान उलटल्याचा आवाज तसाच राहिलेला. वाक्य संपलं की बाई इवलंसं थांबत. माझा 'हं' त्यात बराबर बसला. हल्ली कुणी विचारलं तर मी याच कथा सुचवतो, लेखकापेक्षा बाईंसाठी.

चाचांना त्या लावून दिल्या आणि मी स्टुलावर बसलो. पाच मिनिटांनी एक 'हं'. मग दुसरा. कथेतली सून घर सोडून निघाली, तसा त्यांनी फोन स्वतःच्या हातानं थांबवला.

"काहून गेली ही? चूक तिचीच आहे."

"चूक तिची? अहो, सासऱ्यानं किती तकलीफ दिली!"

"तुमाला कथा कळतच न्हाई सर. बाईनं सासऱ्याचं बोलणं कसं वाचलं, ऐकलं का? म्हातारा घाबरलेला होता."

लेकानं शटर अर्धं खाली ओढलं तरी आम्ही भांडत होतो. मी निघालो, तसा त्यांनी फोन खिशात घातला.

"उद्या पुढचं लावू," ते म्हणाले. "अन् तुमी घरी एकटे ऐकू नका. बेइमानी होईल."