आजचा फोटो निघाला नाही

"सिस्टर, आयसीयूत तुम्हाला भीती नाही वाटत?" असं लोक विचारतात. भीतीला वेळ कुठे असतो! प्रश्न एवढाच, की इथले किस्से घरी कोणाला सांगायचे? अकोल्याच्या आमच्या हॉस्पिटलात सोळा वर्षांत इतके साचलेत, की जेवायला बसताना नवरा आधीच हात जोडतो, "आज नको!" म्हणून तुम्हाला सांगते.

*

पूर्वी आमच्याकडे रोज सकाळी प्रत्येक पेशंटचा छातीचा एक्स-रे निघायचा. लागो न लागो, रोज! आमचे टेक्निशियन गजाननभाऊ चाकांचं मशीन ढकलत यायचे आणि "एक्स-रे!" अशी आरोळी ठोकायचे. किरणं लागू नयेत म्हणून आम्ही सगळ्याजणी दारामागे धूम!

एकदा धामणगावच्या एका काकांनी खुणेनं पाटी मागितली. घशात नळी, पण पूर्ण शुद्धीवर. तिच्यावर लिहिलं, "मले बी न्या!"

आम्ही पोट धरून हसलो. घरी गेल्यावर मात्र ते मला फार लागलं.

*

मग नव्या डॉक्टर मॅडम आल्या. रोजचा एक्स-रे बंद, म्हणाल्या. गरज असेल तेव्हाच काढू. एरवी खाटेशीच सोनोग्राफी. छातीत पाणी झालंय की हवा भरलीय, ते जागच्या जागी कळतं, पेशंटला उचलायला नको. बरोबरच होतं त्यांचं. पण नातेवाइकांच्या हातात काय द्यायचं? पूर्वी फिल्म मिळायची. ती पिशवीत घालून लोक जीपनं गावच्या डॉक्टरला दाखवायला न्यायचे. आता निघायचा बसच्या तिकिटाएवढा कागद.

बाळापूरच्या एका काकांनी तो उलटसुलट करून पाहिला. "मॅडम, माणूस सहा फुटाचा हाये. फोटो एवढुसाच कावून?"

*

गजाननभाऊ सवयीनं येतच राहिले. दारात मशीन उभं करून विचारायचे, "हाये का कोणाचा?"

एकदा मी वैतागले. "भाऊ, बोलावलं तरच या ना!"

"सिस्टर," ते म्हणाले, "मी रोज येत होतो म्हणून लोक घाबरत नव्हते. आता बोलावल्यावर आलो, तं घाबरतीन."

मी तेव्हा ते हसण्यावारी नेलं.

*

नियम बदलला त्याच आठवड्यातली गोष्ट. कमलाबाई दर्यापूरकडच्या, मळ्यात भाजी पिकवून बाजारात विकणाऱ्या. नवरा नामदेवराव न्यूमोनियानं व्हेंटिलेटरवर. रोज निघालेली फिल्म त्या खिडकीशी धरून बघायच्या. त्यातलं काही कळत नव्हतं. पण फोटो निघाला म्हणजे डॉक्टरांनी आशा सोडली नाही, एवढं पक्कं ठाऊक.

त्या दिवशी फोटो निघाला नाही. बाईंनी कोणाला विचारलं नाही, सरळ गावाला फोन केला. दुपारी दोन जीपा भरून माणसं! एक जण दबक्या आवाजात मला विचारतो, "बॉडी कधी देता?"

आणि आत नामदेवराव आदल्या दिवसापेक्षा बरे! मी कपाळावर हात मारला. "अहो, जिवंत आहेत ते!"

"मंग फोटो कावून बंद केला?" कमलाबाईंनी विचारलं.

मशीन बदललं, पण बाहेर बसलेल्या बाईला दोन शब्द सांगायचं आम्हा कोणालाच सुचलं नव्हतं. लाज वाटली मला.

*

मॅडमनी त्यांना लगेच आत बोलावलं. सोनोग्राफी लावून पडद्यावर श्वासासरशी मागेपुढे सरकणारी पांढरी रेघ दाखवली. "हे बघा, फुप्फुस हलतंय."

"चालून राह्यलं!" कमलाबाई एवढ्या जोरात ओरडल्या, की शेजारच्या खाटेवरचा पेशंट दचकला.

मग रोज सकाळी त्या यायच्या, रेघ बघायच्या आणि त्यानंतरच चहा घ्यायच्या.

*

पुढच्या आठवड्यात नामदेवरावांच्या रक्तात इन्फेक्शन पसरलं. दोन दिवसांत सगळं संपलं. आम्ही व्हेंटिलेटर काढला, नळ्या काढल्या, आणि मी कमलाबाईंना आत आणलं.

त्या रडल्या नाहीत. सोनोग्राफीच्या मशीनकडे बोट करून म्हणाल्या, "मॅडम, एक डाव लावा ना."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी मशीन खाटेजवळ ओढलं. मग त्यांनी नेहमीसारखी जेली लावली आणि छातीवर प्रोब ठेवला. रेघ दिसली. जागची हलत नव्हती.

कमलाबाईंनी ती पाहिली. मग वाकून पदरानं नवऱ्याच्या छातीवरची जेली पुसायला लागल्या.

"थंडगार हाये हे," त्या म्हणाल्या. "त्याहिले लवकर सर्दी होते."